पोर्टचा दिवा हिरवा, स्विच 'अप' म्हणतोय, मग बॅकअप रात्रभर का रखडतो?

शंकासूर | सोमवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. मी मूळचा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा माणूस. आमचे नेटवर्कवाले नोकरी सोडून गेले आणि "तुला संगणकातलं कळतं ना" म्हणून स्विचचा पासवर्ड माझ्या गळ्यात पडला. शंका बाळबोध वाटली तर सांभाळून घ्या.

मांडणी साधी आहे. खालच्या मजल्यावर ४८ पोर्टचा (म्हणजे ४८ केबली लागणारा) स्विच, त्यावर फाइल सर्व्हर. वरच्या मजल्यावर २४ पोर्टचा स्विच, त्यावर बॅकअपचा डबा आणि पंधराएक मशीन. दोघांमध्ये एकच तांब्याची केबल. रात्री ९ ला साधारण ८० जीबीचा बॅकअप वर जायला लागतो. तो दोन तासांत उरकायचा. गेला महिनाभर मी सकाळी येतो तरी चालूच असतो. पिंग (पलीकडच्या मशीनला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणं) मात्र झकास, एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही.

मॅन्युअल समोर ठेवून सर्व्हरच्या पोर्टवर 'शो इंटरफेस' चालवलं. कामाच्या ओळी टंकतोय:

> इंटरफेस अप, लाइन प्रोटोकॉल अप (कनेक्टेड)
> फुल डुप्लेक्स, १००० एमबीपीएस
> लास्ट क्लिअरिंग ऑफ काउंटर्स: नेव्हर
> टोटल आउटपुट ड्रॉप्स: ०
> ५ मिनिट इनपुट रेट: १४ एमबीपीएस
> इनपुट एरर्स: ४८,२११, पैकी सीआरसी: ४८,१९०

अठ्ठेचाळीस हजार चुका! घाबरून सर्व्हरची पॅचकॉर्ड बदलली. फरक शून्य. पोर्ट बिघडलाय का? नवा स्विच मागवू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

खटका | सोमवार, सकाळी १०:२०

बंद करून चालू करून पाहिलं का?

(पळतो.)

---

जुनी_वायर | सोमवार, सकाळी ११:०५

खटका यांना नेहमीप्रमाणे दंडवत. शंकासूर, कृपा करून रीस्टार्ट करू नका. सगळे आकडे शून्यावर येतील आणि हातातला पुरावा जाईल.

आधी दिशा समजून घ्या. इनपुट आणि आउटपुट हे स्विचच्या बाजूने बोललेलं असतं. सर्व्हरने पाठवलेलं ते स्विचचं इनपुट. म्हणजे १४ एमबीपीएस हा सर्व्हरमधून निघालेला बॅकअप आहे. एक गिगाबिटच्या रस्त्यावर १४ म्हणजे रस्ता मोकळाच. सर्व्हर हळू पाठवतोय तो पुढे कुठेतरी अडतंय म्हणून. पोर्टवर गर्दी असती तर हा आकडा ९०० च्या घरात दिसला असता.

आता त्या ४८ हजारांबद्दल. विजेच्या मीटरवर दिसणाऱ्या अख्ख्या आकड्याचं बिल कुणी भरत नाही. मागचं रीडिंग वजा करूनच भरतो. तुमच्या काउंटरची शेवटची सफाई 'नेव्हर' आहे, म्हणजे स्विच सुरू झाला तेव्हापासूनची बेरीज समोर आहे. त्या चुका दोन वर्षांपूर्वी एका खराब केबलने एका दुपारी केलेल्या असू शकतात. आकडा लिहून ठेवा, दहा मिनिटं बॅकअपसारखं काहीतरी चालवा, पुन्हा बघा. वाढला तर आजचा आजार. नाही वाढला तर ते इतिहासजमा प्रकरण.

आणि सीआरसी म्हणजे काय तेही सांगतो, कारण बरेच जण ती एरर दिसली की नुसतं 'केबल बदला' म्हणतात. प्रत्येक इथरनेट फ्रेमच्या, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डेटाच्या एका पुडक्याच्या, शेवटी ४ बाइटची बेरीजवजा खूण असते. पाठवणारा ती काढून चिकटवतो, घेणारा पुन्हा काढतो आणि ताडून बघतो. जुळली नाही तर फ्रेम फेकायची आणि काउंटर एकने वाढवायचा. त्यामुळे सीआरसी एवढंच सांगते की फ्रेम निघाली तशी पोचली नाही. वाटेत केबल, कनेक्टर, पलीकडचं कार्ड, विजेच्या वायरशेजारून गेलेला धागा (हा धागा नव्हे), काहीही असू शकतं. पण गडबड येणाऱ्या दिशेची आहे, हे मात्र नक्की कळतं.

दुसरं म्हणजे, तुम्ही फक्त सर्व्हरचा पोर्ट बघितलात. बॅकअप तिथून वर जातो. मधल्या केबलचं दोन्ही टोकांचं टाका. दोन्ही टोकांचं. एका बाजूचं ऐकून निवाडा करू नये.

---

नोंदवही | सोमवार, दुपारी १२:४०

वाखुसा (वाचनखूण साठवली). जुनी_वायर काकांच्या प्रतिसादात थोडी भर.

तो '५ मिनिट रेट' म्हणजे गेल्या पाच मिनिटांची साधी सरासरी असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. सिस्कोच्या आयओएसमध्ये (त्यांच्या स्विचमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) तरी ती हळूहळू ओसरणारी सरासरी असते, ताज्या मोजणीला जास्त वजन देणारी. वाहतूक एकदम थांबली तरी आकडा शून्यावर यायला बराच वेळ घेतो. चार वेळा पाच मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं गेली की तो खऱ्या आकड्याच्या २% च्या आत येतो. एकदा भरधाव कॉपी मी थांबवली होती आणि नंतरही पोर्टवर जोरदार वाहतूक दिसत होती. "ही कोण पाठवतंय?" म्हणत मी अर्धा तास भूत शोधत बसले होते. पोर्टवर 'लोड-इंटरव्हल ३०' टाकलं की हे तीस सेकंदांवर येतं. तपास करताना तेच बरं.

---

शंकासूर | सोमवार, संध्याकाळी ६:३१

काका, डोळे उघडलेत. सर्व्हरच्या पोर्टवर दिवसभरात सीआरसी ४८,१९० चे ४८,१९०. एकानेही वाढली नाही. पॅचकॉर्ड उगाच बदलली.

मधल्या केबलचं बघितलं, दिवसभरातली वाढ देतोय.

खालचा स्विच:
> स्टेटस: कनेक्टेड, डुप्लेक्स: फुल, स्पीड: १००
> रंट्स: +२,९१७, सीआरसी: +३,३४०
> कोलिजन्स: ०, लेट कोलिजन्स: ०

वरचा स्विच:
> स्टेटस: कनेक्टेड, डुप्लेक्स: ए-हाफ, स्पीड: ए-१००
> कोलिजन्स: +४१,०००च्या वर, लेट कोलिजन्स: +१,८६२

'ए-' म्हणजे काय? आणि दोघंही 'कनेक्टेड' म्हणतात, दोन्हीकडे दिवे हिरवे, मग एक फुल आणि एक हाफ कसा?

---

जुनी_वायर | सोमवार, रात्री ८:५०

सापडलं. नवा स्विच मागवू नका. हा डुप्लेक्सचा विसंवाद: एक टोक फुल, म्हणजे एकाच वेळी बोलणारं आणि ऐकणारं, दुसरं हाफ, म्हणजे आळीपाळीने. पूर्वी हा आजार घरोघरी होता, हल्ली क्वचित भेटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

'ए-' म्हणजे ऑटो: पलीकडच्याशी बोलून ठरवलेलं. ज्याच्यापुढे 'ए-' नाही ते कुणीतरी हाताने ठोकून बसवलेलं. तुमच्या खालच्या स्विचवर १००/फुल असं हाताने ठोकलंय. ठोकलं की तो पोर्ट वाटाघाटी करायचं बंद करतो. वरचा बिचारा ऑटोवर आहे. तो हाक मारतो, ओ येत नाही. तारेवरच्या सिग्नलवरून वेग १०० आहे एवढं त्याला ओळखता येतं. डुप्लेक्स मात्र सिग्नलवरून कळत नाही. मग नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. वेग जुळला म्हणून लिंक येते, दिवा लागतो, 'कनेक्टेड' दिसतं. स्टेटसची ओळ खोटं बोलत नाही, तिला विचारलेलंच तेवढं असतं.

आता आतली गंमत बघा. हाफवाला एका वेळी एकानेच बोलायचं या शिस्तीचा: आधी कानोसा घ्यायचा, शांतता असली तरच बोलायचं, दोघं एकदम बोललो तर तो अपघात, म्हणजे कोलिजन. फुलवाला कानोसा घेतच नाही, त्याला वाटतं आपली जायची-यायची वाट वेगळी आहे. हाफवाला बोलायला लागतो, मध्येच फुलवाला सुरू होतो. हाफवाला म्हणतो, "अपघात!" आणि आपली फ्रेम अर्ध्यात तोडतो. ती तुटकी फ्रेम खाली पोचते. ६४ बाइटपेक्षा लहान तुकडा असेल तर खालचा तिला रंट म्हणून मोजतो, मोठा असेल तर खूण जुळत नाही म्हणून सीआरसीत टाकतो. म्हणूनच हाफच्या बाजूला कोलिजन आणि फुलच्या बाजूला रंट व सीआरसी. ही जोडी दोन टोकांना दिसली की आणखी काही विचारायची गरज नाही.

त्यातही लेट कोलिजनवर बोट ठेवा. हाफच्या शिस्तीत पहिल्या ६४ बाइटांत अपघात होणं हे रोजचं आहे, तेव्हा स्विच थोडं थांबून स्वतःच पुन्हा पाठवतो, सोळा वेळांपर्यंत. पण ६४ बाइट निघून गेल्यावर तार आपली झाली असं गृहीत असतं. त्यानंतर अपघात म्हणजे शिस्त मोडणारा कुणीतरी पलीकडे बसलाय. अशी फ्रेम स्विच पुन्हा पाठवत नाही, ती गेली. मग टीसीपीला, म्हणजे डेटा पूर्ण पोचतोय ना हे बघणाऱ्याला, उशिरा कळतं, तो वेग कमी करतो, पुन्हा पाठवतो. तुमचे १४ एमबीपीएस या सगळ्या अपघातांतून आले.

एक भाकीत करून ठेवतो. तुमचे लेट कोलिजन रात्री बॅकअपच्या वेळी फारसे वाढणार नाहीत, दिवसा वाढतील. बॅकअपमध्ये वरून खाली येतात त्या पोचपावत्या, साधारण सत्तर बाइटच्या. त्यांचा अपघात झाला तर बहुतेक पहिल्या ६४ मध्येच होणार. दिवसा वरची मंडळी मोठ्या फाइली खाली सेव्ह करतात, तेव्हा १,५१८ बाइटच्या फ्रेम खाली येतात आणि त्या मध्येच कापल्या जातात. बघा आणि सांगा.

पिंग झकास का, तर पिंग एक जातं, एक येतं. एकमेकांच्या बोलण्यात बोलायची वेळच येत नाही.

---

खटका | सोमवार, रात्री ९:०२

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. सर्व्हरची पॅचकॉर्ड निर्दोष सुटली.

---

उलटतपासणी | मंगळवार, सकाळी ९:१५

संन्याशावरून आठवलं. सीआरसी ज्या पोर्टवर दिसते त्याच केबलची चूक, हे तुमच्या ऑफिसच्या स्विचला चालेल, कारण तो अख्खी फ्रेम पोटात घेतो, खूण तपासतो, मगच पुढे पाठवतो. डेटा सेंटरमधले काही स्विच कट-थ्रू असतात. फ्रेमचा पुढचा भाग वाचला की पाठवायला सुरुवात. शेवटची खूण हातात येईपर्यंत अर्धी फ्रेम पुढे गेलेली असते. मग खराब फ्रेम तशीच पुढच्या स्विचवर जाते, तिथून पुढे आणखी. सीआरसी चार-पाच ठिकाणी वाढते आणि केबल एकच खराब असते. आम्ही एकदा तीन ऑप्टिक्स (फायबर केबल जोडायची मॉड्यूल) बदलून चौथ्या ठिकाणी मूळ शोधलं. त्या स्विचवर 'स्टॉम्प्ड' सीआरसीचा वेगळा काउंटर होता, म्हणजे आधीच खराब म्हणून शिक्का मारलेल्या फ्रेम. तो आधी बघितला असता तर तीन ऑप्टिक्स वाचले असते.

---

शंकासूर | मंगळवार, दुपारी २:२०

काका, भाकीत खरं! रात्रीत लेट कोलिजन फक्त ११ वाढले, साधे कोलिजन मात्र भरमसाट. सकाळी ११ ते १ मध्ये लेट ४०० च्या वर.

कारणही कळलं. महिन्यापूर्वी वरचा स्विच बदलला होता. जुन्यावरही बहुधा १००/फुल ठोकलेलं असणार, नवा आला तो ऑटोवर. तेव्हापासूनच बॅकअप रखडायला लागला.

मग मी शहाणपणा केला. जेवणाच्या सुट्टीत खालचा पोर्टही ऑटो केला. म्हटलं, दोघंही गिगाबिटचे आहेत, १००० वर येईल. लिंक गेली ती आलीच नाही. दिवा लागतो, विझतो. वरच्या मजल्यावरून फोनावर फोन. घाईत दोन्हीकडे १००/फुल ठोकलं तेव्हा जीव भांड्यात पडला. आता कोलिजन शून्य, सीआरसी वाढत नाही. पण ऑटो का चाललं नाही?

आणि हो, केबल काढताना पोर्टच्या खाली पिवळी चिठ्ठी दिसली. आमच्या जुन्या नेटवर्कवाल्यांच्या अक्षरात: "इथे १००/फुल. हात लावू नये." कारण लिहिलेलं नाही!

---

जुनी_वायर | मंगळवार, दुपारी ३:१०

कारण केबलमध्येच लिहिलंय.

१०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. वाटाघाटी मात्र पहिल्या दोन जोड्यांवरूनच होतात. दोघं बोलून "चला, १०००" म्हणून मोकळे होतात, आणि प्रत्यक्ष चार जोड्यांवर उभं राहायची वेळ आली की एक जोडी जाग्यावर नसते. लिंक पडते, पुन्हा वाटाघाटी, पुन्हा पडते. काही उपकरणं अशा वेळी स्वतःहून १०० वर उतरतात, तुमची उतरत नसावीत. जुन्या गृहस्थांनी हे अनुभवलं असणार आणि १०० वर ठोकून चिठ्ठी लावली. काम भागलं. कारण लिहिलं असतं तर तुमचा महिना वाचला असता.

स्विचवर टीडीआर चाचणी असेल तर चालवा. तो तारेत सिग्नल सोडतो आणि तुटलेल्या जागेवरून तो किती वेळाने परत येतो यावरून अंतर सांगतो. चाचणी चालू असताना लिंक जाते, संध्याकाळीच करा.

---

नोंदवही | मंगळवार, दुपारी ४:४५

थोडं अवांतर, पण धागा चालू आहे तर विचारून घेते. माझ्याकडे एक १ गिगाबिटचा पोर्ट आहे. सीआरसी शून्य, डुप्लेक्स दोन्हीकडे फुल, सरासरी ३%. तरी 'आउटपुट ड्रॉप्स' रोज काही हजारांनी वाढतात. ९७% रस्ता रिकामा असताना फ्रेम टाकून का देतो?

---

उलटतपासणी | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

अपलिंक (पुढच्या स्विचला जोडणारी लिंक) १० गिगाबिटची आहे का? असेल तर तिथेच उत्तर आहे. १० गिगाबिटवरून एका मिलिसेकंदात १.२५ एमबी येऊ शकतं. तुमच्या १ गिगाबिटच्या पोर्टमधून तेवढ्या वेळात ०.१२५ एमबी बाहेर जातं. उरलेलं १.१२५ एमबी कुठेतरी थांबलं पाहिजे, म्हणजे बफरमध्ये. पोर्टच्या वाट्याला तेवढा बफर नसेल तर जादाचं टाकून दिलं जातं. हे सगळं एका मिलिसेकंदात उरकतं, आणि तुम्ही बघताय पाच मिनिटांची, म्हणजे ३ लाख मिलिसेकंदांची सरासरी. त्यात तो एक क्षण कसा दिसणार? लोड-इंटरव्हल ३० करूनही नाही दिसणार. अशा पोर्टवर टक्केवारी बघूच नका, ड्रॉप्सची वाढ कोणत्या घडीला होते ते बघा. बहुतेक एखादं ठरलेल्या वेळचं काम सापडेल.

ड्रॉप आणि एरर यांची गल्लत मात्र नको. एरर म्हणजे फ्रेम खराब आली. ड्रॉप म्हणजे धडधाकट फ्रेम जागा नाही म्हणून टाकली. ड्रॉपसाठी केबल बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

---

नोंदवही | मंगळवार, संध्याकाळी ५:५२

१० चीच आहे. दर तासाच्या ठोक्याला एक अहवाल निघतो, त्याच्याशी ताडून बघते. धन्यवाद.

---

शंकासूर | बुधवार, रात्री १०:४०

टीडीआर चालवला. तीन जोड्या 'नॉर्मल', पिन ७-८ ची जोडी 'ओपन', अंतर १ मीटर. म्हणजे खालच्याच टोकाला. प्लग काढून बघितला तर तपकिरी तार पिनपर्यंत पोचलीच नव्हती, अर्ध्यावर थांबलेली. बाहेरून प्लग अगदी व्यवस्थित. नवा प्लग क्रिंप केला, दोन्ही बाजू ऑटो केल्या, दोन्हीकडे ए-फुल, ए-१०००. आजचा बॅकअप वीस मिनिटांत संपला. वीस!

पण आता नवीनच भानगड. आमच्याकडे दर पाच मिनिटांनी एसएनएमपीने पोर्टचे आकडे घेऊन आलेख काढणारं सॉफ्टवेअर आहे. पूर्वी बॅकअप नीट चालायचा तेव्हा आलेखात ९० एमबीपीएसची सपाट टेकडी दिसायची. आज एवढा वेगाने गेला तर आलेख कधी २०, कधी ७५, एकदा ११०. ८० जीबी वीस मिनिटांत म्हणजे सरासरी ५३० च्या आसपास हवं ना? आकडे खोटे बोलताहेत की मी?

---

जुनी_वायर | गुरुवार, सकाळी ७:३०

अभिनंदन. तपकिरी तारेचा फोटो काढून ठेवा, पुढच्या माणसाला दाखवायला.

आलेख खोटा आहे आणि खोटं बोलण्याची त्याची कमाल मर्यादासुद्धा सांगतो: ११४ एमबीपीएस. त्याच्या वर तो कधीच जाणार नाही.

तुमचं सॉफ्टवेअर बाइट मोजायला ३२ बिटचा काउंटर वाचतंय. तो ४२९ कोटी ४९ लाखांच्या थोडं पुढे गेला की पुन्हा शून्यापासून. १०० एमबीपीएसवर पूर्ण चक्कर मारायला त्याला ३४३ सेकंद लागतात. तुम्ही ३०० सेकंदांनी बघता, म्हणजे दोन भेटींत फार तर एक चक्कर, ती सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. गिगाबिट पूर्ण भरला तर चक्कर होते ३४ सेकंदांत. पाच मिनिटांत आठ चकरा होऊन गेल्या तरी सॉफ्टवेअरला कळत नाही, ते उरलेला तुकडाच मोजतं. जोवर तुमची केबल अर्धी होती तोवर आलेख बरोबर होता.

६४ बिटचा काउंटर घ्यायला सांगा, नावात 'एचसी' असतं: आयएफ-एचसी-इन-ऑक्टेट्स आणि त्याचा आउटवाला भाऊ. एसएनएमपीची आवृत्ती १ ठेवली असेल तर ६४ बिट मिळणारच नाही, तिला तो प्रकारच माहीत नाही. २सी तरी हवी. आणि सिस्कोवर 'क्लिअर काउंटर्स' केलं तरी एसएनएमपीचे आकडे शून्य होत नाहीत, फक्त पडद्यावरचे होतात. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत म्हणून पुढचा धागा काढू नका.

---

शंकासूर | शुक्रवार, सकाळी ९:०५

आवृत्ती १ च होती. २सी केली, काउंटर बदलला. काल रात्रीच्या आलेखात ५३४ ची टेकडी आहे.

पिवळी चिठ्ठी काढून नवी लावली: "दोन्ही बाजू ऑटो. ७-८ ची तार तुटली होती, प्लग बदलला." खाली तारीख आणि माझं नाव.

---

खटका | शुक्रवार, सकाळी ९:११

शेवटपर्यंत रीस्टार्ट केलंच नाहीत ना? निषेध.